हौसेची सेकंडहँड

शनिवार-रविवारी मनसोक्त चालवायला आणि अधूनमधून ऑटोक्रॉसला उतरवायला मला एक जुनी गाडी हवी होती. परदेशात असल्या हौशी माणसाला लोक डोळे झाकून माझदाची मियाटा घ्यायला सांगतात. ती आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलीच नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म होती. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं इंजिन. पण तिचे पार्ट शोधण्यातच माझे सगळे रविवार गेले असते.

मग उरल्या जरा तिखट हॅचबॅक. अबार्थ पुंटो, 145 हॉर्सपॉवर. नुसती बघूनच जीव जळायचा, भाव ऐकून आणखी. पालिओ 1.6 वर सचिनच्या जाहिरातीपासून डोळा होता, पण तिची पंधरा वर्षं केव्हाच उलटलेली. म्हणजे फिटनेस, पर्यावरण कर, पुनर्नोंदणी, सगळी आरटीओची वारी. पोलो जीटी टीएसआय घाटात झकास, पण तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स म्हटल्यावर आमचे कराडचे मेस्त्री म्हणाले, "दादा, ते बिघडलं तर मी हात लावणार नाही. पुणं गाठा."

ऑटोक्रॉसला एका वेळी एकच गाडी सुटते. मोकळ्या मैदानावर, आपल्याकडे बहुधा मातीतच, शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. शर्यत घड्याळाशी. शंकू पडला की दंडाचे सेकंद वाढतात. बराचसा वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो, तिथे टॉप स्पीड घेऊन काय करायचं? वजन कमी हवं, गिअर हाताचे हवेत आणि हँडब्रेक ओढायचा हवा. बटणाच्या हँडब्रेकची गाडी मी बघायलाही गेलो नाही.

सांगलीच्या गावभागात एक 2017 ची बलेनो आरएस मिळत होती. टर्बो इंजिन, चारी चाकांना डिस्क ब्रेक, रनिंग कमी, किंमत तर फारच सोयीची. मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढत नेला. वरचा भाग स्वच्छ. मुळाशी मात्र मातकट रेघ, नखाने खरवडली तर भुकटी निघाली. मग सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले, तांबूस गंज. डिकीत स्टेपनी उचलली, खालच्या कोपऱ्यात बारीक गाळ वाळून बसलेला.

"काका, 2019 च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठं होती ओ?"

"हितंच की. जरा चाकाला पाणी लागलं होतं."

त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. पट्ट्याच्या रिळापर्यंत गेलेलं पाणी चाकापुरतं कसं असेल? वायरिंगच्या जोडांत शिरलेली ओल लगेच त्रास देत नाही, वर्षा-दोन वर्षांनी एकेक सेन्सर घेऊन बसते. चहा घेतला आणि निघालो.

शेवटी कराडलाच एमएच-50 ची 2018 ची स्विफ्ट पेट्रोल घेतली. फोटोत दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही. पण वजन नऊशे किलोच्या आत, पार्ट गल्लीबोळात मिळतात आणि सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावलेली. टायरवर चार आकडे होते, 1118. म्हणजे 2018 चा अकरावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, त्यामुळे मीटरवरचं कमी रनिंग पटलं. ते टायर टाकावे लागणार होते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. बँकेचा बोजा होता, त्याचा फॉर्म 35 आधी हातात घेतला, मगच उरलेले पैसे दिले.

आता पहाटे पसरणी घाट चढतो. यवतेश्वरकडे फुलांच्या हंगामात वळत नाही, कासच्या गर्दीत पहिल्या गिअरच्या पुढे जाता येत नाही. घाटात मर्यादेतच चालवतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. अंगातली रग मैदानासाठी ठेवायची.

तुम्हीही उतरणार असाल तर पॉलिसीचा कागद एकदा नीट वाचा. नेहमीच्या वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदानात बंपर फुटला तर पैसे आपल्याच खिशातून जातात.