उस्तादांचा अंगठा

नव्या मुलीला बॉक्सिंग शिकायला घेऊन आईवडील आले, की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "मॅडम, ग्लोव्हज कुठले घेऊ?" मी सांगते, ग्लोव्हज शेवटी घ्या. आधी हाताचं बँडेज, मग माउथगार्ड, मग दोरी. वडिलांचा चेहरा जरा उतरतो, कारण दुकानातली लाल चकचकीत जोडी त्यांनी मनात धरलेली असते. माझ्या वडिलांनीही धरली होती. 2009 च्या जूनमध्ये, दापोडीतल्या एका पत्र्याच्या शेडखाली, उस्तादांनी त्यांना हेच उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी त्यांचंच बोलणं पुढे सांगत आले आहे.

उस्ताद खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आपल्या तालमीत वस्ताद म्हणतात, शब्द एकच. बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंहला कांस्यपदक मिळून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे शेडमध्ये मुलांची गर्दी होती. मुली आम्ही दोघीच. त्याच वर्षी, 2009 च्या ऑगस्टमध्ये, बातमी आली, की 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग असणार. उस्तादांनी ती बातमी कापून शेडच्या खांबाला चिकटवली आणि आम्हा दोघींना म्हणाले, "आता तुमचं सामान नीट बघायला पाहिजे." त्यांना आनंद झाला की ते असंच काहीतरी बोलत.

पहिला धडा बँडेजचा. मी औषधांच्या दुकानातून क्रेप बँडेज आणलं होतं. त्यांनी ते ताणून पाहिलं, पुन्हा नीट गुंडाळलं आणि प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवून दिलं. "हे मुरगळलेल्या पायाला. हाताला एवढं ताणणारं नको, रक्त अडतं." मग आईला माप सांगितलं : साडेचार मीटर लांब, दोन इंचांहून थोडं रुंद, एका टोकाला अंगठ्यासाठी फास, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. आई घरी ब्लाउज शिवायची. तिने मांजरपाट आणून दोन जोड शिवले आणि तीनतीनदा धुऊन मऊ केले. पुढचे दोन आठवडे मी फक्त ते बांधायला शिकले. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या मुळांवर तीन, मग एकेका बेचक्यातून, मग अंगठा आवळून पुन्हा मनगटावर. "हात उघडला की सैल, मूठ वळली की घट्ट," एवढंच ते म्हणत. बोटांची टोकं निळी दिसली की सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून बांधायचं.

इतकं कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी उजव्या हाताची मूठ माझ्यासमोर धरली. करंगळीच्या मुळाशी जो उंचवटा असायला हवा, तो नव्हताच. तळहाताचं हाड मोडून आत बसलं होतं आणि तसंच जुळलं होतं. डॉक्टर या मोडीला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. तरुणपणी घाईघाईत बांधलेल्या बँडेजवर एक ठोसा तिरका लागला होता. शर्टाची बटणं ते डाव्या हाताने लावत, हे त्या दिवसानंतर मला दिसू लागलं. हातात 27 हाडं असतात. माझी सगळी आज जागच्या जागी आहेत.

माउथगार्ड बनलं त्यांच्या स्वयंपाकघरात. बाजारात मिळतं ते सरळ, गुळगुळीत असतं. गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांवर बसवावं लागतं. पहिलं मी घरी पाण्यात टाकून विसरले, त्याचा आकारच गेला. दुसऱ्या वेळी उस्तादांच्या बायकोने, काकूंनी, गॅसवर पातेलं ठेवलं आणि उस्ताद घड्याळ घेऊन उभे राहिले. अर्धा मिनिट झाल्याबरोबर झाऱ्याने बाहेर, क्षणभर गार पाण्यात, मग तोंडात. चाव, हवा आत ओढ, जीभ टाळूकडे दाब, ओठांवरून बोटांनी दाब. मग त्यांनी मला जबडा उघडायला लावला. गार्ड पडलं नाही. "आता नाव सांग." मी सांगितलं, काकूंना कळलं. "आता नाकाने श्वास घे." तोही आला. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हे तुझं. हे दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही." गार्डमध्ये दात नीट बसलेले असले की जबड्यावर बसलेला मार थोडा तरी वाटला जातो, आणि जीभ दातांत सापडत नाही. माझे दात मी बत्तिशी म्हणून कधी मोजले नव्हते. त्या दिवसापासून त्यांची किंमत कळली.

छातीच्या गार्डाचा विषय निघाला, तेव्हा उस्तादांनी नजर खाली केली आणि म्हणाले, "त्याचं काकूंना विचार." काकूंनी आयुष्यात कधी बॉक्सिंगचं सामान हातात घेतलं नव्हतं. त्या माझ्याबरोबर बसने पुण्याच्या कॅम्पात आल्या. दुकानदाराने पुरुषांचं सामान पुढे केलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "मुलींचं दाखवा. नसेल तर मागवून द्या, आम्ही पुन्हा येऊ." आणि पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. हात वर केला तर काचतं का, खांदा फिरवताना कड टोचते का, हे त्यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत दहा वेळा करायला लावलं. माझ्या शिक्षणातला हा भाग उस्तादांना देता आला नसता, हे त्यांनी ओळखलं आणि ज्यांना देता येईल त्यांच्याकडे मला पाठवलं. हे ऋण दोघांचं आहे.

बॅग मात्र आमच्याच घरातून भरली गेली. उस्तादांकडे एक जुनी, जाड किटबॅग होती. मुलांनी वाळू भरायची कल्पना काढली. त्यांनी अडवलं : वाळू हळूहळू खाली बसते, बॅगचा बुंधा दगडासारखा होतो आणि मनगट जातं. चिंध्याच हव्यात, त्याही दाबून दाबून, बटणं आणि हुक काढून. आईच्या शिवणातून वर्षभर साठलेल्या चिंध्यांची दोन पोती वडील सायकलवरून घेऊन आले. लाल, मोरपंखी, जरीच्या कडांचे तुकडे. आमच्या गल्लीतल्या किती बायकांच्या ब्लाउजांचं उरलेलं कापड त्या बॅगेत गेलं, ते आईलाच माहीत. मी ठोसे मारायला शिकले त्या बॅगेवर.

ग्लोव्हज घ्यायची वेळ तीन महिन्यांनी आली. उस्ताद स्वतः बरोबर आले. औंस म्हणजे हातमोज्याचा आकार असं मला वाटत होतं. ते वजन आहे, हे त्यांनी दोन जोड्या माझ्या दोन्ही हातांत देऊन समजावलं. 10 औंस म्हणजे साधारण 283 ग्रॅम, आमची लढत याच वजनात. 16 औंस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, ते जोडीदाराबरोबर सरावाला. बॅगसाठी तिसरी जोडी, आणि ती बॅगलाच. बँडेज बांधूनच हात घालून पाहायचा. अंगठा मोज्याला शिवलेला आहे ना, ते बघायचं, नाहीतर तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. आतलं अस्तर बोटांनी चाचपून शिवण तपासायची. आणि शेवटी, ठोसा जिथे लागतो तिथे स्वतःचा अंगठा जोरात रोवायचा. अंगठा सहज आत जाऊन तळाला टेकला, तर जोडी परत.

आम्ही घेतलेल्या जोडीवर मेरठचं लेबल होतं. उस्तादांनी सांगितलं, की फाळणीत सियालकोटचे कारागीर इकडे आले आणि जालंधर, मेरठला त्यांनी खेळाच्या सामानाचे कारखाने उभे केले. मोजा आधी उलटा शिवतात, मग तो फिरवून सुलटा करतात, म्हणून चांगली शिवण बाहेरून दिसत नाही. "ज्यानं शिवलं त्याला तू कधी बघणार नाहीस," ते म्हणाले, "पण हात त्याच्यावर सोडलाय तू." घामेजलेली जोडी पिशवीत तशीच कोंडली की मला ते वाक्य आठवतं. मग वर्तमानपत्राचे बोळे आत घालायचे, सावलीत वाऱ्याला ठेवायची. कडक उन्हात चामडं तडकतं.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला मला जड जातं. 2010 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझी 16 औंसांची जोडी ओली होती. मी बॅगची जोडी चढवली आणि मैत्रिणीबरोबर सराव सुरू केला. महिनोन्‌महिने बॅगवर आपटून त्या मोज्यांतला फोम मेला होता, हे मला कळत होतं आणि तरी मी घातली. दुसऱ्या फेरीत माझा उजवा ठोसा तिच्या गालावर बसला. आवाजच वेगळा आला. हेडगार्डच्या कडेखालून रक्त ओघळलं. उस्तादांनी आधी तिला बसवलं, जखम धुतली, रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. तीन टाके पडले. मग ते माझ्याकडे आले, मोजा काढून घेतला आणि माझ्यासमोर त्यात अंगठा रोवला. अंगठा पार तळाला टेकला.

"हातासाठी बँडेज असतं," ते म्हणाले. "ग्लोव्हज तिच्या तोंडासाठी घालायचे असतात. तू आज काय घालून आली होतीस?"

ते ओरडले नाहीत. मी रडले, तेव्हाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची 16 औंसांची तपकिरी जोडी आणून दिली. "एक जोडी ओली असली तर ही." पैसे त्यांनी घेतले नाहीत, वडिलांनी दोनदा नेऊन दिले तरी. मैत्रिणीच्या घरी मी रोज संध्याकाळी जात होते. टाके निघाल्यावर ती पुन्हा आली आणि पहिला सराव माझ्याबरोबरच मागितला. गालावरची बारीक रेघ अजून दिसते. तिचं ऋण मी कुठल्या खात्यावर मांडू?

त्या दिवसानंतर हेडगार्डबद्दलही उस्ताद आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत : त्याने भुवई, गाल, कान वाचतात, पण मेंदूला बसणारा हादरा बसतोच. डोकं जड वाटलं, उलटीची भावना झाली, की फेरी थांबवायची आणि त्यात लाज नाही. 2013 मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकलं, स्त्रियांचं राहिलं, तेव्हा मुलं खूश झाली. ते म्हणाले, "डोक्यावर काही असो-नसो, मान हलवायला शिका."

मी जिल्ह्याच्या पुढे फार गेले नाही. स्पर्धेत ग्लोव्हज आयोजकांचे असत, कोपरा लाल की निळा हेही दुसरेच ठरवत. रिंगमध्ये माझं म्हणून जे होतं, ते आईचं बँडेज, काकूंच्या पातेल्यातलं माउथगार्ड आणि पातळ तळव्याचे बूट. तेवढ्यावर मी निर्धास्त उभी राहत असे.

उस्ताद आणि काकू आता गावी असतात. गेल्या वर्षी माझ्याकडची एक मुलगी पहिल्यांदा जोडीदाराबरोबर सरावाला उभी राहणार होती. माझ्या मनात आलं, उस्तादांची तपकिरी जोडी तिला द्यावी. खडकी बाजारातल्या मोचीकाकांकडून शिवण घट्ट करून घेतली, चामड्याला तेल लावलं आणि त्यांना दाखवायला घेऊन गेले. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते ओसरीवर बसले होते. जोडी मांडीवर घेतली, कितीतरी वेळ चामड्यावरून हात फिरवला. काकू आतून चहा घेऊन आल्या, त्यांनीही ती ओळखली. मग उस्तादांनी डाव्या हातात मोजा धरला आणि उजव्या, वाकड्या हाडाच्या हाताचा अंगठा त्यात रोवला. थांबले. दुसऱ्या मोज्यात रोवला.

"पोरी, हे मेलं," ते म्हणाले. "तू जपलंस, ते दिसतंय मला. पण हे त्या पोरीला देऊ नको. माया आपल्यापाशी ठेव. समोरचीच्या तोंडावर नवा फोम जाऊ दे."

पुण्याला परतताना मी कॅम्पात उतरले. 16 औंसांची जोडी मागितली, पिशवीतून बँडेज काढून हातांना बांधलं, हात घालून पाहिला, शिवण चाचपली, आणि अंगठा रोवला. अंगठा अर्ध्यावर थांबला. मी पैसे दिले.