काट्याची साक्ष

आपण किती वेगाने चाललो आहोत हे माणसाला स्वतःहून नीट कळत नाही. महामार्गावर तासभर मोटार चालवून गावच्या रस्त्याला वळलेल्या माणसास ताशी पन्नास किलोमीटरचा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो, आणि दिवसभर गल्लीबोळांतून फिरलेल्यास तोच वेग अंगावर येतो. डोळे, कान, सवय हे साक्षीदार बेभरवशाचे आहेत. म्हणून मोटारीत एक तटस्थ साक्षीदार बसवलेला असतो, तो म्हणजे वेगमापकाचा काटा. त्याने सांगावे आणि आपण मानावे असा रिवाज आहे. त्याचीच उलटतपासणी घेण्याची वेळ मात्र क्वचित येते. आमच्या घरात ती आली आणि तिच्या निकालावर एका वृद्ध माणसाचा शब्द अवलंबून होता.

आमच्या वडिलांनी १९८४ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीचेच हे भारतीय रूप. परवाना घेऊन ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. त्या काळी नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. गाडी दारात आली त्या दिवशी वाडीतली सगळी माणसे ती पाहायला जमली होती. पुढे पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने आणखी बरीच वर्षे सेवा केली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणूनही ती रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र अजून चालते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, आणि बाबा दर रविवारी सकाळी तिच्यावर कापड फिरवतात.

बाबांचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. आखातातून सुट्टीवर आलेले आमचे थोरले बंधू एकदा त्यांच्या शेजारी बसून वसईहून विरारपर्यंत गेले. घरी आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबांच्या हातून आता किल्ली काढून घ्यायला हवी. फार जोरात चालवतात. त्यांना कळतही नाही."

बाबांच्या कानावर हे गेलेच. ते एवढेच बोलले, "मी पन्नासच्या वर कधी गेलो नाही. काटा बघतो ना मी."

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. दोन विश्वासू माणसे एकाच गोष्टीबद्दल परस्परविरुद्ध सांगत असतील, तर त्यांच्यापैकी एकाला खोटे ठरवण्याआधी तिसऱ्याची चौकशी करावी, असे माझ्या विषयाने मला शिकवले आहे. इथे तिसरा होता तो काटा.

त्याच्या साक्षीचे मोल ठरवायचे तर ती त्याला कुठून मिळते हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या मोटारीत गिअरबॉक्सच्या मागच्या भागात एक लहान दंतचक्र असते. चाकांकडे जाणारा दांडा फिरला की ते फिरते, आणि त्यात अडकवलेली केबल फिरू लागते. ही केबल म्हणजे बाहेरून लवचीक नळी आणि आत पोलादी तारांचा पिळून केलेला गाभा. गाभ्याचे दुसरे चौकोनी टोक डॅशबोर्डामागे वेगमापकात शिरते. तिथे ते एका चुंबकाला गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. काटा बसवलेला असतो या वाटीच्या आसावर.

गंमत अशी, की चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांस स्पर्शच होत नाही. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग वाटी ओढली जाते कशी? फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि हे प्रवाह वाटीला चुंबकाच्या दिशेने खेचू पाहतात. फिरती तांब्याची चकती चुंबकसूचीला सोबत ओढते हे फ्रान्सच्या अरागोने १८२४ साली पाहिले होते. त्याचे कारण फॅरेडेच्या १८३१ च्या शोधामुळे उलगडले. याच तत्त्वावर जर्मनीच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली वेगमापकाचे पेटंट घेतले. मनगटी घड्याळात असते तशी केसासारखी बारीक कमान वाटीला मागे धरून ठेवते. चुंबकाची ओढ आणि कमानीचा विरोध जिथे समसमान होतात, तिथे काटा थांबतो. म्हणजे काटा वेग मोजत नाही, तो ओढ मोजतो. त्या ओढीवरून वेग सांगतो तो तबकडीवर छापलेला आकडा, आणि तो आकडा चुंबक नवा असताना ठरवलेला असतो.

त्याच पेटीत दुसरा एक साक्षीदार राहतो, तो म्हणजे एकूण अंतर दाखवणारे आकडे. त्यांचा चुंबकाशी काहीही संबंध नाही. केबलने फिरवलेल्या आसावरून बारीक दंतचक्रे निघतात आणि ती आकड्यांची चाके ढकलतात. एका फेऱ्याला ठराविक पाऊल, त्यात घासाघीस नाही. तपासाची गुरुकिल्ली आहे ती इथे. काटा आणि आकडे दोघेही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष पेटीच्या बाहेर शोधावा: टायरमध्ये, गिअरबॉक्सच्या दंतचक्रात. आकडे खरे आणि काटा तेवढा खोटा असेल, तर दोष पेटीच्या आत आहे. पेटी उघडण्यापूर्वीच एवढे कळते, आणि ज्यांना जुन्या वस्तूंची कदर आहे त्यांनी पेटी शेवटीच उघडावी.

आमच्या काट्याला आणखी एक खोड होती. तो थरथरायचा. ताशी तीसच्या आसपास पाच-सहा किलोमीटर वर-खाली हेलकावत असे. थरथरणाऱ्या काट्याची साक्ष नोंदवणार कशी? म्हणून सुरुवात केबलपासून केली. केबल कोरडी पडली, किंवा तिला कुठे तीव्र बाक आला, की आतला गाभा अडखळतो. मागून पीळ भरत राहतो, आणि मग तो एकदम झटक्याने सुटतो. तोच झटका काट्यावर दिसतो. आम्ही गाभा नळीतून ओढून काढला, रॉकेलने धुतला आणि ओट्यावरच्या सपाट लादीवर ठेवून तळहाताने लाटला. सरळ गाभा निमूटपणे लोळतो. मुरगळलेला असेल तर त्या जागी उडी मारतो. आमचा सरळ होता, फक्त वर्षानुवर्षांचे काळे, वाळलेले वंगण त्याच्यावर बसले होते. नवे ग्रीस बोटाने पातळसे लावले, आणि वरच्या टोकाची वीतभर लांबी कोरडी ठेवली. हे विसरू नये. फिरत्या गाभ्यावरून वंगण हळूहळू वर चढते, पेटीत शिरते, चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये चिकटते. मग काटा भलताच वर जाऊन बसतो. केबल पुन्हा बसवताना डॅशबोर्डामागचा तिचा बाक मोठा आणि सैल राहील असे पाहिले. थरथर गेली.

आता साक्ष घेता येणार होती. एका शनिवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, आम्ही तिघे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गेलो. गाडी बाबाच चालवणार हे मी आधीच ठरवले होते. मागे दादा मोबाईल घेऊन बसले, मी घड्याळ आणि वही घेऊन पुढे. हिशेब सोपा आहे: एक किलोमीटर कापायला जितके सेकंद लागतात, त्यांनी ३६०० ला भागले की ताशी वेग मिळतो. एकच दगड धरला तर सेकंदाची चूकही फार होते, म्हणून पाच-पाच किलोमीटरचे दगड धरले.

बाबांनी काटा पन्नासवर आणला आणि तिथेच ठेवला. त्यांच्या पायाची ती स्थिरता पाहून दादा काही बोलले नाहीत. पाच किलोमीटरना वेळ लागला पाच मिनिटे, एखादा सेकंद इकडेतिकडे. म्हणजे खरा वेग साठ. काटा चाळीसवर असताना लागली सहा मिनिटे पंधरा सेकंद, म्हणजे अठ्ठेचाळीस. तीसवर आठ मिनिटे वीस सेकंद, म्हणजे छत्तीस. दादांच्या मोबाईलमधील उपग्रहांवरून काढलेला वेग प्रत्येक वेळी घड्याळाशी जुळत होता. आणि वीस दगड गेले तेव्हा अंतराचे आकडे बरोबर वीसने पुढे सरकले होते.

घरी येऊन वही उघडली. गॅरेजवाल्या पोराने टायरचा संशय घेतला होता, कारण गेल्या वर्षी नवे रेडियल टायर बसवले होते. मोठ्या घेराचे टायर घातले तर काटा कमी दाखवतो हे खरे. पण मग आकडेही कमी दाखवतील. शिवाय एवढा फरक पडायला साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाजागी बहात्तर सेंटिमीटरचे चाक हवे. ते मडगार्डखाली मावलेच नसते. टायर निर्दोष सुटले. काटा आसावर सरकला असता, तर प्रत्येक वेगाला सारखाच फरक आला असता. तसे नव्हते: तीसला सहाचा, चाळीसला आठचा, पन्नासला दहाचा फरक होता. आस मळाने जड झाला असता, तर वेग वाढवताना काटा मागे राहिला असता आणि कमी करताना वरच अडकला असता. तसेही नव्हते. प्रत्येक वेळी काटा खऱ्या वेगाचा सहापैकी पाचच भाग सांगत होता. एकसारख्या प्रमाणात घटलेली ओढ. चाळीस वर्षांच्या उन्हाने आणि हादऱ्यांनी चुंबक थकला होता.

म्हणजे बाबा खरे बोलत होते. काटा पन्नासच्या वर गेला नव्हता. आणि दादाही खरे बोलत होते. गाडी खरोखरच जोरात धावत होती. दोन खऱ्या माणसांमध्ये भांडण लावले होते एका म्हाताऱ्या चुंबकाने.

या दहा किलोमीटरच्या फरकाला कोणी किरकोळ म्हणू नये. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पन्नासऐवजी साठने चाललेल्या गाडीत ती ४४ टक्क्यांनी अधिक असते, आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही तेवढ्याच प्रमाणात लांबते. अचानक रस्त्यावर आलेल्या मुलासमोर थांबणे आणि न थांबणे यांत इतकेच अंतर असू शकते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या नियमाने नव्या वाहनांसाठी एक अट घातली आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवले तर चालेल, पण तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर चार किलोमीटर, या मर्यादेतच. साठला सत्तर दाखवले तर क्षम्य, एकोणसाठ दाखवले तर नाही.

पेटी उघडण्याचे काम मी घरी केले नाही. केसासारखी कमान एकदा वाकली की ती पुन्हा पूर्ववत होत नाही. मुंबईत जुने मीटर दुरुस्त करणारे थोडे कारागीर अजून आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या छोट्याशा दुकानात पेटी नेली. त्यांनी प्रथम आस आणि कमान भिंगातून पाहिली, मळ काढला. मग चुंबकाला वेटोळ्यात ठेवून क्षणभर जबरदस्त विद्युतप्रवाह सोडला आणि त्याला हवे त्याहून अधिक बळ दिले. नंतर मोटरवर ठराविक फेरे देत, थोडे थोडे बळ उतरवत, काटा बरोबर आकड्यावर येईपर्यंत ते थांबले नाहीत. एखाद्या वेगमापकाची केबल किलोमीटरला हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला हजार फेऱ्यांवर काटा साठवर यावा, असा तो हिशेब. मी त्यांना विचारले, "थेट बेताचेच बळ का देत नाही?" ते म्हणाले, "मास्तर, काठोकाठ भरून थोडं सांडलेलं टिकतं. बेताचं भरलेलं लवकर उतरतं." शास्त्रही तेच सांगते.

पेटी बसवल्यावर पहिले काही दिवस बाबा अस्वस्थ होते. त्यांच्या पायाला आणि कानाला जुना पन्नास ठाऊक होता. इंजिनाचा तो ओळखीचा सूर लागला की आता काटा साठ दाखवी. ते पाय उचलत, आणि गाडी त्यांना रखडल्यासारखी वाटे. महिन्याभरात कानाने नवा सूर शिकून घेतला. ऐंशीच्या घरातला माणूस चाळीस वर्षांची सवय महिन्यात बदलतो, हे दादांनी सुट्टी संपवून परत जाण्यापूर्वी पाहिले. किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढे कधी डोळे किंवा हात साथ देईनासे झाले, तर तो विषय बाबा स्वतःच काढतील अशी माझी खात्री आहे.

ज्यांच्याकडे जुनी मोटार आहे त्यांना माझे सांगणे थोडके आहे. वर्षातून एकदा किलोमीटरचे दगड आणि घड्याळ घेऊन काट्याची साक्ष तपासावी. सोबत दुसरा माणूस असावा, चालकाने घड्याळाकडे पाहू नये. काटा आणि आकडे यांचे दोष वेगळे नोंदवावेत. आणि ज्यांच्या घरात जुनी माणसे आहेत त्यांनाही एक सांगावेसे वाटते. वयामुळे चूक होते, हे खरे. पण ती त्यांचीच असेल असे नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या मापांवर विश्वास ठेवला ती मापेही त्यांच्याबरोबरच म्हातारी झालेली असतात. निवाडा देण्याआधी मापे तपासून घ्यावीत. त्यासाठी एक घड्याळ, एक वही आणि एक मोकळी पहाट पुरते.