दोन टोप्या

माझ्या कपाटात वरच्या फळीवर दोन टोप्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक काळी, आपल्याकडची, घडी घातली की पोळीसारखी चपटी होणारी. ती माझ्या बाची. दुसरी करड्या रंगाची, जाड लोकरी कापडाची, पुढे लहानशी चोच असलेली. ती मी मँचेस्टरहून आणली. इंग्रज लोक तिला फ्लॅट कॅप म्हणतात, म्हणजे चपटी टोपीच. या वयात ही हौस कशाला, असे घरात सर्वांनी विचारले. त्याचे उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती कबूल करावी म्हणून हे लिहीत आहे.

बा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून विशीच्या आत मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात लागला. पहिल्या पगारात त्याने स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ती म्हणजे काळी टोपी. त्याला कारण होते. माझा आजा गावात पाटलाच्या वाड्यापुढून जाताना पायताण हातात घ्यायचा आणि मुंडासे काढून काखेत धरायचा. बाने हे आज्याच्या मागून चालताना लहानपणी पाहिले होते. "मुंबईत कुणाच्या बी दारावरनं जावा, टोपी डोक्यावरच ऱ्हाती," असे तो आम्हा भावंडांना सांगायचा. टोपी विटली की तो दुसरी घ्यायचा, पण काळीच. पाळीवर जाताना, वस्तीत कोणाच्या मयताला जाताना, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना बाच्या डोक्यावर टोपी असायचीच.

मी शिकलो आणि बँकेत कारकून झालो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यांत बाही होता. तीन-चार महिन्यांनी घरातले दाणे संपले, तेव्हा तो पैसे मागायला माझ्या बँकेत आला. धोतर, खाकी कोट आणि काळी टोपी. काउंटरपलीकडून माझ्या दोन सहकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून ओठ मुडपले. मी बाला बाहेर जिन्यात नेले, पैसे दिले आणि म्हणालो, "बा, इकडं येताना ती टोपी काढून येत जा. बरं दिसत नाही."

बा काही बोलला नाही. त्याने टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला. त्यानंतर माझ्यासमोर त्याने टोपी घातली नाही. १९९४ साली तो वारला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत ही टोपी सापडली. वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेली होती.

गेल्या वर्षी मुलाकडे मँचेस्टरला राहायला गेलो. मुलगा तिकडे नोकरीला आहे. "पप्पा, आजोबांची गिरणी तर पाहता आली नाही, इथली तरी बघा," म्हणून तो मला क्वॉरी बँक नावाच्या जुन्या सूतगिरणीत घेऊन गेला. सॅम्युअल ग्रेग नावाच्या व्यापाऱ्याने ती १७८४ साली उभारली. आता तिथे संग्रहालय आहे आणि लोकांना दाखवण्यासाठी काही यंत्रे चालू ठेवली आहेत. मागांचा खडखडाट कानावर पडला आणि मला परळ आठवले.

माग दाखवणारा गृहस्थ सत्तरीच्या पुढचा होता. डोक्यावर करडी चपटी टोपी. त्याचे आजोबा आणि वडील दोघेही कापड गिरणीत कामाला होते. त्याने धोटा हातात घेतला आणि सांगितले की पूर्वी कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे आणि रोग पसरत.

मी त्याला म्हटले, हे मला ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती, आणि धोट्याला तोंड लावावे लागते म्हणूनच अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. बरोबरीचे सवर्ण कामगार आमचा उष्टा धोटा शिवायला तयार नव्हते. विणकाम खात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. माझा बा जन्मभर रिंग खात्यातच राहिला.

तो गृहस्थ बराच वेळ गप्प राहिला. मग डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला, "आमच्याकडे माणसाची जागा यावरून कळायची." आणि त्याने मला त्या टोपीची हकीकत सांगितली. पुढे मी मुलाच्या घरी बसून त्याविषयी आणखी वाचले.

इंग्लंडमध्ये १५७१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, पार्लमेंटने टोपीचा कायदा केला. सहा वर्षांवरील माणसाने रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडातच तयार झालेली लोकरी टोपी घातली पाहिजे, नाहीतर दंड. लोकरीच्या धंद्याला आणि टोप्या विणणाऱ्यांना काम मिळावे हा हेतू. पण सरदार, जमीनदार, मोठे हुद्देदार आणि खानदानी स्त्रिया यांना सूट होती. म्हणजे ती टोपी घालण्याची सक्ती फक्त सामान्य माणसावर. कायदा केला पोटासाठी, पण त्यातून डोके पाहून माणसाची पायरी ओळखण्याची सोय झाली. शेक्सपिअरच्या एका नाटकातही या कायद्याच्या टोप्यांचा उल्लेख आहे. १५९७ साली तो कायदा रद्द झाला. टोपी मात्र गरिबाच्या डोक्यावर राहिली.

त्या वेळची टोपी आजच्यासारखी शिवलेली नव्हती. जाड लोकरीने ती ऐसपैस विणायची, मग भिजवून, मळून, तुडवून आटवायची. त्यामुळे वीण घट्ट होई आणि पाऊस चटकन आत शिरत नसे. मन्मथ, कॉव्हेंट्री, ब्यूडली ही गावे या धंद्यासाठी प्रसिद्ध होती. एकोणिसाव्या शतकात गिरण्या, खाणी आणि गोद्या वाढल्या, तशी कापड कापून शिवलेली, चोचीची टोपी आली. मालकाच्या डोक्यावर उंच रेशमी टोपी, मुकादमाच्या डोक्यावर ताठ गोल टोपी आणि कामगाराच्या डोक्यावर ही चपटी. मालक समोर आला की कामगाराने टोपीला बोट लावायचे किंवा ती काढून हातात घ्यायची. लाचारीने मागायला जाणे याला त्यांच्या भाषेत 'हातात टोपी घेऊन जाणे' असेच म्हणतात. हे ऐकले आणि मला आज्याच्या काखेतले मुंडासे आठवले.

पण त्या लोकांनी पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे. कीर हार्डी हा लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. १८९२ साली तो लंडनच्या वेस्ट हॅम भागातून पार्लमेंटवर निवडून आला. तिथे लांब काळा कोट आणि रेशमी उंच टोपी घालून जाण्याचा रिवाज होता. हार्डी ट्वीडच्या साध्या कपड्यांत आणि कापडी टोपीत गेला. जाणकार सांगतात की ती चपटी टोपी नव्हती, मागे-पुढे चोच असलेली शिकारी टोपी होती. पण लोकांच्या आठवणीत 'कापडी टोपीवाला खासदार' हीच त्याची ओळख राहिली. पुढे १९०६ साली तो मजूर पक्षाचा पार्लमेंटमधला पहिला नेता झाला. जी टोपी कायद्याने लादली होती, ती कामगारांनी स्वतःची म्हणून मिरवली. लाउरी या चित्रकाराचे १९५३ चे फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या गर्दीचे चित्र आहे. त्यात अशीच टोपी घातलेली, काडीसारखी माणसे लोटलेली दिसतात.

गंमत अशी की हीच टोपी जमीनदारही शिकारीला आणि गोल्फ खेळायला घालत. पुढे आठवा एडवर्ड झालेला युवराजही घालायचा. श्रीमंताने घातली की ती हौस आणि गरिबाने घातली की ती ओळख. १९५७ पासून एका वृत्तपत्रात अँडी कॅप नावाचा आळशी कामगार व्यंगचित्रांतून येऊ लागला. त्याचे डोळेसुद्धा टोपीखाली झाकलेले. लोक हसत. आणि २०१३ साली बर्मिंगहॅमच्या गुंडांवरची एक दूरदर्शन मालिका आली, तेव्हा तरुण पोरे तीच टोपी दाम मोजून घेऊ लागली.

परतण्यापूर्वी मी टोप्यांच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने फितीने माझ्या डोक्याचा घेर मोजला, सत्तावन्न सेंटिमीटर, आणि एकेक प्रकार पुढे ठेवला. साधी चपटी टोपी, जिचा माथा पुढे ओढून चोचीवर शिवलेला किंवा टिचबटणाने लावलेला असतो. आठ कळ्यांची फुगीर टोपी, जिच्या माथ्यावर मधोमध कापडी बटण असते आणि जी पूर्वी पेपर विकणारी पोरे घालत. बदकाच्या चोचीसारखी पुढे वळलेली तिसरी. स्कॉटलंडमध्ये हिला बनेट म्हणतात, वेल्समध्ये डाय कॅप. कापडही तऱ्हेतऱ्हेचे. माशाच्या काट्यासारख्या विणीचे, आयर्लंडच्या डोनेगलचे रंगीत ठिपक्यांचे, आणि हॅरिस ट्वीड, जे स्कॉटलंडजवळच्या बेटांवरचे विणकर आपापल्या घरी हातमागावर विणतात. तसा कायदाच १९९३ साली झाला आहे. मी काट्याच्या विणीची करडी टोपी घेतली.

गिरणीतल्या त्या गृहस्थाचे एक वाक्य मनात राहिले. तो म्हणाला, माझा मुलगा वकील आहे, टोपी घालत नाही. बोलण्याच्या ढबीवरून घराणे अजून ओळखतात, पण टोपीची गोष्ट संपली. मी मनात म्हटले, बाबा रे, तुझ्या मुलाने टोपी काढली आणि त्याची पायरी बदलली. माझ्या बाने टोपी काढली तरी आडनाव ऐकून लोक जे समजायचे ते समजतच होते. जात टोपीत नव्हती, म्हणून टोपीबरोबर ती निघाली नाही.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की ज्या कपड्यांवरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या. बँकेच्या जिन्यात मला वाटले होते की मी तेच सांगतो आहे. तसे नव्हते. बाबासाहेबांनी दुसऱ्यांनी लादलेली खूण टाकायला सांगितली होती. बाची टोपी कोणी लादलेली नव्हती. ती त्याने स्वतःच्या कमाईने, आज्याच्या उघड्या डोक्याची भरपाई म्हणून घेतली होती. आज्याचे मुंडासे गावाने काढायला लावले. बाची टोपी मी काढायला लावली.

म्हणून दोन्ही टोप्या एका फळीवर ठेवल्या आहेत. गेल्या सहा डिसेंबरला मी काळी टोपी घालून चैत्यभूमीवर गेलो. रांगेत मागचा एक तरुण म्हणाला, "काका, टोपी झकास आहे." मी म्हटले, "माझ्या बाची आहे."

वाचकहो, तुमच्या घरात कोणी म्हातारा टोपी, पटका, घोंगडी अंगावर वागवत असेल, तर ती काढायला सांगण्याआधी एवढे विचारा की ती त्याने कधी आणि का घातली. मला हे विचारायला चाळीस वर्षे उशीर झाला.