कुरळ्या केसांची कैफियत

पांडवकड्याच्या डोंगरावरून उतरणारी आषाढातली दमट हवा खारघरच्या घराघरांत शिरली, की कन्येच्या कुरळ्या केसांची कैफियत रोज सकाळी माझ्यापुढे रुजू होते. मस्तकातून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसांवरून सहज ओघळते, परंतु वळणावळणांतून ते टोकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून असे केस रुक्ष राहतात, आणि त्यांत कोरडेपणीच बारीक फणी घालण्याचा घरोघरचा दस्तूर लेकीच्या डोळ्यांत पाणी आणतो. केस ओले असतानाच, तळहातावर थोडे खोबरेल चोळून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवीत गेले, म्हणजे तिची तक्रार उरत नाही. केस सरळ करून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या आप्तेष्टांस नम्र विनंती एवढीच, की तो निदान तिच्यादेखत तरी धरू नये.