काकांच्या पानातलं मीठ

ती. मावशीस,


तू ग्रुपवर टाकलेली मिठाची बातमी वाचली आणि घरात 'लो सोडियम' मिठाचा पुडा आल्याचंही कळलं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

बातमी खोटी नाही. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जणांवर जवळजवळ पाच वर्षं अशा मिठाचा अभ्यास चालला. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, उरलेल्या गावांत ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं. या दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. २०२१ साली हे निष्कर्ष छापून आले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही घरच्या स्वयंपाकासाठी असं मीठ सुचवलं, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांना त्यातून वगळून. चीनच्या अभ्यासातही किडनीचा गंभीर विकार असणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. नेमकं हेच तुझ्या बातमीत नाही.

आता काकांचं बघ. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनी अशक्त आहे, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती अशक्त झाली की ते रक्तात साठतं. टेल्मिसार्टननंही पोटॅशियम बाहेर जाणं कमी होतं. त्यात हे मीठ. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कित्येकदा आधी काहीच जाणवत नाही. शिवाय हे मीठ किंचित कडवट लागतं, म्हणजे काका पानात वरून आणखी घेणार!

पुड्यामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच. 'पोटॅशियम क्लोराइड' दिसलं, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत तो पुडा बाजूला ठेव. तोवर नेहमीचंच मीठ, पण हात आखडून. लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही.

या आठवड्यात काकांची पोटॅशियमची रक्ततपासणी करून घे. डॉक्टरांकडे जाताना पुडा आणि गोळ्यांची स्ट्रिप दोन्ही ने. बीपीची गोळी मात्र परस्पर बंद करू नकोस.

तुझी,
शुभा