पडवीची सावली

मराठी माणसाला वाळवंट म्हटलं की राजस्थानच्या आधी चंद्रभागा आठवते. त्या वाळवंटाकडे निघालेल्या संत मुक्ताबाईंच्या पालखीची वाटही कोरडीच. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघून महिनाभर चालत पालखी पंढरपूर गाठते, आणि जून महिन्यात ती जालना जिल्ह्यातून जाते. नांगरून ठेवलेली रानं, डोक्यावर मोकळं आभाळ आणि पायाखाली डांबर.

2023 सालचं घ्या. मॉन्सून 11 जूनला तळकोकणात आला आणि तिथेच बसून राहिला. मुंबई गाठायला त्याला 25 जून उजाडला. आषाढी होती 29 जूनला. मराठवाड्यातली बहुतेक वाट वारकऱ्यांनी त्या वर्षी उन्हातच काढली.

दिंडीत ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते निवृत्त शिक्षक जालना ते अंबड हा रस्ता सगळ्यात अवघड मानतात. अंतर पंचवीस किलोमीटरहून थोडं अधिक. घाट नाही, चढ नाही. पण सपाट रस्ताच माणसाला फसवतो, असा त्यांचा अनुभव. चढावर माणूस आपोआप थांबतो, सपाटीवर थांबायचं विसरतो. म्हणून पहाटे साडेतीनला वळकटी बांधून ट्रकमध्ये टाकायची, चारला पाय रस्त्यावर, आणि ऊन पाठीला लागेपर्यंत निम्मी वाट मागे टाकायची.

पहिल्या वारीला ते नवेकोरे बूट घालून आले होते. तिसऱ्या दिवशी टाचेवर लिंबाएवढा फोड. दिंडीतल्या एका मावशींनी पाय सरळ मांडीवर घेतला. सुई काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या कडेतून त्या कडेला काढला आणि दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू झिरपतं, वरची कातडी मात्र जागेवर राहते आणि आतल्या कोवळ्या मांसाला झाकते. डॉक्टर या प्रकारावर रागावतात. दोऱ्याच्याच वाटेने जंतू आत जातात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. मधुमेह असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये. गुरुजी आता फोड येऊच देत नाहीत. पायात वर्षभर वापरून मऊ झालेली चप्पल, प्रत्येक विसाव्याला उघडे ठेवून वाळवलेले पाय, आणि रात्री मुक्कामावर खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासलेले तळवे. वाटी काळी पडली की उष्णता निघाली, असं मावशी सांगतात. काळेपणा तेल आणि धातूच्या घासण्याचा असतो हे गुरुजींना ठाऊक आहे. तरी झोप छान लागते, म्हणून ते वाद घालत नाहीत.

पाण्याचं त्यांचं गणित सोपं आहे. तहान लागायची वाट पाहायची नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली खांद्याला, आणि दर अर्ध्या तासाला चार घोट.

खऱ्या वाळवंटाचंच बोलायचं, तर मोरोक्कोच्या वाळवंटात 1986 पासून ‘मॅरेथॉन दे साब्ल’ नावाची शर्यत होते. सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि आठवडाभराचं जेवण धावणाऱ्याच्याच पाठीवर. वारकऱ्याचं ओझं ट्रक वाहतो, जेवणाची सोय गावं करतात, म्हणून वारी सोपी असं कोणी म्हणू नये. शर्यतीत ज्याचा वेग त्याच्यापाशी. इथे मृदंगाची लय सांभाळायची, पुढच्याच्या टाचेवर पाय द्यायचा नाही आणि मागच्या म्हातारीलाही मागे पडू द्यायचं नाही. तरण्या पोरांना हे शिकायला दोन-तीन वर्षं लागतात. पहिल्या दिवशी पताका घेऊन पुढे पळणारा पोरगा चौथ्या दिवशी हमखास ट्रकमध्ये दिसतो.

खरी अडचण दुपारी बारानंतर सुरू होते, ती सावलीची. मोसंबी हे जालन्याचं भूषण, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मोसंबीच्या झाडाखाली बसून पाहावं: फांद्या जमिनीला टेकलेल्या, माणसाने डोकं घालायचं कुठे? सावली लागते ती कडुलिंबाची, चिंचेची, वडाची, आणि नेमकी तीच झाडं रस्ता रुंद करताना आधी जातात. याच जिल्ह्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर पायी चालायला मनाई आहे. आपल्याला नाहीतरी तिथे काय काम, म्हणून गुरुजी हसतात.

दुपारी एखाद्या घरासमोर दिंडी विसावते. लोक मनापासून केळी, बिस्किटं, बर्फाचं सरबत देतात. घामाघूम अंगाला बर्फ सोसत नाही आणि बिस्किटाने तोंड आणखी कोरडं पडतं, पण देणाऱ्याचा हात मागे कसा सारायचा? तेव्हा जून महिन्यात पालखीच्या वाटेवर ज्यांचं घर आहे त्यांना एवढंच सांगणं: वाटायला काही नसलं तरी चालेल. माठ भरून ठेवा आणि बारा ते तीन पडवीतल्या दुचाकी बाहेर काढा.