भिंतीवरचं चित्र अंधुक का होतं?

टीव्ही बंद पडला की सगळं घर गोळा होतं. प्रोजेक्टरचं तसं नसतं. त्याचं चित्र रोज थोडं थोडं फिकं होत जातं, आणि डोळे रोज त्याला सरावत जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या तासांसाठी आम्ही घेतलेला दिव्याचा प्रोजेक्टर असाच हळूहळू मंदावला. आता त्याचं खरं काम रमजानमध्ये असतं. आपली तरावीह आटोपली की रात्री उशिरा मक्केहून थेट प्रक्षेपण सुरू होतं आणि अम्मी भिंतीसमोर येऊन बसतात. गेल्या रमजानमध्ये त्या म्हणाल्या, "काबा शरीफचा गिलाफ राखाडी दिसतो गं, त्यावरची सोनेरी अक्षरं लागतच नाहीत."

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं: दिवा संपला, नवा टाका. पण दिवा स्वस्त नसतो. पैसे मोजण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते घरीच पाहायचं आम्ही ठरवलं.

शाळेत प्रकाशाचा धडा शिकवताना आम्ही इब्न अल्-हैसम यांचं नाव आवर्जून घेतो. बसऱ्याला जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताबुल मनाज़िर' लिहिली. त्यातला एक प्रयोग मुलांना फार आवडतो. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला एक छिद्र आणि बाहेर ओळीने ठेवलेले दिवे. आत जितके दिवे, तितके प्रकाशाचे ठिपके पडतात. बाहेरचा एक दिवा झाकला की आतला त्याचाच ठिपका जातो, बाकीचे तसेच राहतात. बिघाड शोधायची रीतही हीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते पाहायचं.

पहिली तपासणी फुकटची. प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू भिंतीवर आणायचा. मेनूची अक्षरं स्वच्छ, पण कार्यक्रम धूसर असेल, तर दोष इंटरनेटचा, वायरीचा किंवा मोबाइलचा. नेट मंद झालं की प्रक्षेपण आपोआप कमी दर्जावर उतरतं. आमच्याकडे मेनूही अंधुक होता, म्हणजे दोष यंत्रात.

मग सेटिंग. मुलांच्या हातून 'इको मोड' लागून राहतो आणि प्रकाश कमी होतो. आमचा लागलेला नव्हता. त्याच मेनूत दिवा किती तास जळला तेही कळतं. आमचे तास १,४०० भरले, पुस्तिकेत आयुष्य ४,००० दिलेलं. एक गोष्ट लक्षात ठेवावी, दिव्याचं छापील आयुष्य बहुधा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचं असतं. त्यामुळे मुदत संपण्याआधीही तो थोडा मंद होतोच. पण आमच्या चित्राची एवढी दुर्दशा १,४०० तासांनी होण्यासारखी नव्हती.

यंत्र बंद केलं, पंखा थांबू दिला, प्लग काढला आणि हवेची जाळी उघडली. पनवेलची धूळ ठाऊक आहेच. हायवेची, बांधकामांची, वर पावसाळ्यातली चार महिन्यांची ओल. जाळीवर लोकरीसारखा थर बसला होता. जाळी तुंबली की आत उष्णता कोंडते, पंखा ओरडू लागतो आणि काही यंत्रं जीव वाचवायला प्रकाश स्वतःच उतरवतात. या उष्णतेने आतल्या निळ्या रंगाच्या भागाचं नुकसान झालं, तर चित्र कायमचं पिवळं पडतं. जाळी गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने झाडली.

भिंगावर धुरकट पापुद्रा होता, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा आणि लोबानच्या धुराचा. त्यामुळे प्रकाश पसरतो आणि काळं राखाडी दिसतं. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग चष्म्याच्या मऊ कापडाने मधून कडेकडे हलकेच पुसायचं. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. ओढणीचं टोक, अत्तर, काच पुसायचा फवारा, यांतलं काहीही नको. भिंगाच्या आत बुरशी किंवा चित्रावर कायम एकाच जागी धूसर डाग दिसला, तर यंत्र खोलायचं काम कारागिरावर सोडावं. जुन्या दिव्यात पारा असतो, तो फुटू देऊ नये, कचऱ्यातही टाकू नये.

शेवटी जागा. यंत्र तिरपं ठेवून मेनूतून चित्र चौकोनी केलं की स्पष्टता घटते, म्हणून स्टूल भिंतीच्या अगदी समोर आणलं. १०० इंचांचं चित्र ८० वर आणलं. तेवढाच प्रकाश लहान जागेत पडल्यामुळे उजेड दीडपट वाढला. बाहेरचा दिवा अडवायला पडदा लावला. एवढ्या सगळ्यात एका पैशाचा खर्च झाला नाही.

गिलाफ पुन्हा काळा झाला, संगमरवर पांढरा झाला. मुलं खूश. अम्मी मात्र म्हणाल्या, "बरं आहे, पण अक्षरं अजून धूसरच." मग यंत्र तसंच ठेवून आम्ही त्यांना एकेक डोळा झाकून पाहायला सांगितलं. उजव्याने अक्षरं लागली. डाव्याने फरशी पिवळट आणि दिव्यांभोवती वलयं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंग गढूळ होऊन पिवळं पडतं तेव्हा असंच दिसतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ईदनंतर ऑपरेशन झालं. अलहम्दुलिल्लाह, आता अम्मी डाव्या डोळ्यानेही कुरआन शरीफ वाचतात.

शाबानमध्ये आपण घरं झाडतो, भांडी घासतो. त्याच दिवशी प्रोजेक्टरची जाळी आणि भिंगही साफ करावं. आणि भिंतीवर चित्र लागलं की घरातल्या थोरल्यांना आधी एक डोळा, मग दुसरा झाकून पाहायला सांगावं. एका डोळ्याने कमी दिसलं, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.